कोणाची लेक, कोणाची सून

गेल्या दशलक्षण पर्वात मंदिरात सगळे जमले असताना आमच्या कुळाची वंशावळ छापायची असं ठरलं. आमचे चुलत सासरे, ज्यांना घरातली लहानथोर सगळी काकाच म्हणतात, त्यांनी पुढाकार घेतला. कलबुर्गीला जाऊन फॉर्म छापून आणले आणि आळंद, भालकी, हुमनाबाद, सोलापूर, पुणे, जिथं जिथं आमची घरं आहेत तिथं पाठवले. एक फॉर्म माझ्याही हातात आला. रकाने असे: कुटुंबप्रमुखाचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, मुलगे, मुलग्यांचा व्यवसाय. खाली एक लहानसा रकाना, ‘पत्नीचे नाव’. त्यात लिहायचं ते सासरचं नाव. मुलींसाठी ओळ होती, पण तिच्यापुढं ‘संख्या’ एवढंच.

मी कला शाखेची पदवीधर. इतिहास हा माझा आवडीचा विषय होता, तो लग्नानंतर पोळपाटाखाली कुठंतरी राहिला. पण हा फॉर्म बघून मनात काहीतरी टोचलं. मी काकांना विचारलं, “काका, आजेसासूबाईंचं माहेर कुठलं हो? म्हणजे तुमच्या आईंचं?”

काका म्हणाले, “निलंग्याकडचं कुठलं तरी खेडं. मी चार-पाच वर्षांचा असताना ती गेली. काय आठवणार?”

“आणि माहेरचं नाव?”

“ते कशाला? बायकांचं काय, आली ती आपलीच झाली.”

यात काकांचा काही दोष नव्हता. सगळ्याच घरांत असं बोलतात. पण विचार करा, जिच्या पोटी हे सगळं कूळ वाढलं, तिचं जन्मनाव तिच्या मुलालाही ठाऊक नाही, आणि त्याचं कुणाला आश्चर्यही वाटत नाही.

त्याच सुमारास आळंदच्या जुन्या वाड्याची मागची पडवी उतरवायला काढली. पावसानं वासे कुजले होते. गवंडी कौलं काढून अंगणात रचत होते आणि माळ्यावरचा पसारा आम्ही बायका खाली घेत होतो. दोन वस्तू एकाच दिवशी हाती लागल्या.

पहिली म्हणजे एक कौल. लाल, जड, पालथं केलं की पोटावर इंग्रजी अक्षरं उमटलेली. पुतण्याच्या मुलानं माती पुसून वाचलं, ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’, आणि खाली १८६५. “काकी, बासेल कुठं आलं?” मला तरी कुठं माहीत होतं?

दुसरी वस्तू पितळेची घागर. काळीकुट्ट, पोचे पडलेली. तिला चिंच लावून घासताना काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं दिसली. भांड्यावर नाव घालायची पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. पण त्या दिवशी संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं होतं, म्हणून घागर तशीच कोनाड्यात ठेवली. तिच्याकडं मी शेवटी येणार आहे. आधी कौलाची गोष्ट.

बासेल हे स्वित्झर्लंडमधलं, जर्मनीच्या सीमेवरचं शहर. आमच्यासारखंच सीमेवरचं. तिथं १८१५ साली एक ख्रिस्ती मिशन निघालं. संस्था स्विस, पण तिचे पाद्री बहुतेक जर्मनीच्या वुर्टेंबर्ग भागातले, शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुलं. १८३४ मध्ये त्यांची पहिली तुकडी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मंगळूरला राहिली. पुढं १८३७ मध्ये धारवाड, १८३९ मध्ये हुबळी. आमचा बिदर-गुलबर्ग्याचा मुलूख निजामाकडं होता, तिकडं ही मंडळी वसली नाहीत, पण त्यांची कौलं मात्र आली. धर्म बदललेल्या माणसांना जातीनं आणि घरानं बाहेर टाकलं की त्यांच्या पोटाचं काय, म्हणून मिशननं विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. मंगळूरच्या जेप्पू भागातला पहिला कौलांचा कारखाना गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसानं १८६५ मध्ये सुरू केला. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते मुळात असं जर्मन हातचं.

मला वाटलं, बाई, एवढ्या लांबून ही माणसं आली, राहिली, इथंच काही मेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज जर्मनीत असतील. त्यांना जर आपला हिंदुस्थानात गेलेला पणजोबा शोधायचा असेल तर ती कुठं शोधत असतील? मग मी वाचत गेले, आणि वाचता वाचता पणजोबा बाजूला राहिले. मला भेटल्या त्या पणज्या.

मिशनचा एक कडक नियम होता. तरुण पाद्र्यानं परदेशी जाताना लग्न करून जायचं नाही. दोन वर्षं तिथं काम करायचं, भाषा शिकायची, मग लग्नाची परवानगी मागायची. परवानगी मिळाली की मुलगी बहुधा तिकडंच बघितली जायची. पाद्र्याचे आईवडील, मिशनमधले वडीलधारे ठरवायचे. मुलगी जहाजात बसून निघायची. सुएझचा कालवा १८६९ मध्ये झाला, त्याआधी या प्रवासाला महिनेच्या महिने लागत. अनेक मुलींनी नवऱ्याचं तोंडही बघितलेलं नसायचं. मंगळूरच्या धक्क्यावर उतरायचं आणि त्या अनोळखी माणसाला नवरा म्हणायचं.

हे वाचलं आणि मला हसूही आलं, रडूही आलं. आपल्याला शाळेत सांगतात की साहेबांच्या बायका स्वतंत्र, मनाजोगतं लग्न करणाऱ्या. आणि इथं तर आमच्या आजेसासूचीच गोष्ट! ती बैलगाडीतून आली, ही जहाजातून.

फर्डिनांड किटेल यांचं नाव आमच्याकडची शाळेत जाणारी पोरंही सांगतील. १८५३ मध्ये ते इथं आले आणि १८९४ मध्ये सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश छापून दिला. आपण जैनांनी तर त्यांचे विशेष आभार मानायला हवेत, कारण केशिराज या जैन पंडितानं तेराव्या शतकात लिहिलेलं ‘शब्दमणिदर्पण’ हे कन्नडचं व्याकरण त्यांनी १८७२ मध्ये संपादून छापलं. बेंगळूरला त्यांचा पुतळा आहे. पण त्यांच्या घरात कोण होतं? पाउलीने आइथ नावाची मुलगी त्यांच्याशी लग्न करून आली आणि १८६४ मध्ये वारली. तीन वर्षांनी तिचीच बहीण यूली त्याच घरात आली, बहिणीची मुलं सांभाळायला आणि बहिणीचा संसार पुढं न्यायला. आपल्याकडंही थोरली गेली की पाठची द्यायची रीत होती. कोश पूर्ण व्हायला पंचवीसेक वर्षं लागली म्हणतात. तेवढी वर्षं त्या घरात चूल कुणी पेटती ठेवली, हे कोशाच्या पानावर येत नाही.

दुसरं घर हेर्मान गुंडर्ट यांचं. त्यांनी मल्याळमचा कोश केला, तो १८७२ चा. त्यांची बायको यूली, माहेरची द्युब्वा, फ्रेंच बोलणारी स्विस मुलगी. ती १८३६ मध्ये आली, १८३८ मध्ये चित्तूरला तिचं लग्न झालं, आणि पुढं केरळात तलश्शेरीला तिनं मुलींची शाळा चालवली. १८४२ मध्ये तिला तिथंच मुलगी झाली, मारी. तीन-चार वर्षांची झाल्यावर आईबापांनी तिला युरोपात नेऊन तिथं ठेवलं आणि स्वतः परत आले. हासुद्धा मिशनचा रिवाजच होता. मुलं शाळेच्या वयाची झाली की परत धाडायची, इथली हवा आणि इथली संगत त्यांना नको. पुढं तर बासेलला अशा मुलांसाठी खास वसतिगृहच होतं. मारी पंधरा वर्षांची होऊन १८५७ मध्ये परत आली तेव्हा आईला ती ओळखायला किती वेळ लागला असेल? आपल्याकडं लेक सासरी पाठवताना ऊर फुटतो. या बायकांनी दुधाचे दात पडायच्या वयाची मुलं जहाजावर चढवली.

ही मारी म्हणजे जगप्रसिद्ध जर्मन लेखक हेर्मान हेस यांची आई. ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी त्यांनी १९२२ मध्ये लिहिली, ती मराठी वाचकांनाही ठाऊक आहे. आईचं जन्मगाव आणि आजोबांची कर्मभूमी बघायची ओढ त्यांना १९११ मध्ये इकडं घेऊन निघाली होती. श्रीलंका झाली, सिंगापूर, सुमात्रा झालं, पण भारताच्या भूमीवर त्यांचं पाऊल पडलंच नाही. आईचं गाव दारात येऊन राहून गेलं. माहेर शोधायला उशीर केला की असं होतं, मग माणूस नोबेल मिळवणारा का असेना.

तिसरं घर मला सगळ्यांत जवळचं वाटलं. मंगळूरचे आनंदराव कौंडिण्य, सारस्वत ब्राह्मण. १८४४ मध्ये ते ख्रिस्ती झाले, बासेलला जाऊन शिकले, १८५१ मध्ये पाद्री होऊन परतले. त्यांची पहिली बायको त्यांच्याबरोबर गेली नाही, ती आपल्या माणसांत राहिली. १८६० मध्ये त्यांनी मारी राइनहार्ट या जर्मन मुलीशी लग्न केलं. गोऱ्या साहेबानं देशी बाई ठेवल्याच्या कथा आपण ऐकतो. पण जर्मन मुलगी शास्त्रानं लग्न करून कौंडिण्यांच्या घरची सून झाली, ही गोष्ट १८६० सालची! आज कौंडिण्य आडनावाच्या कुणाला आपली जर्मन पणजी शोधायची असेल, तर ती ही.

ती सापडतेही. कारण बासेलच्या दप्तरखान्यात माणसांच्या नोंदवह्या आहेत, पत्रं आहेत, फोटो आहेत. आणि जर्मन नोंदीची एक पद्धत आहे. बाईचं सासरचं आडनाव लिहिलं की पुढं एक लहान शब्द घालतात, त्याचा अर्थ ‘जन्मानं’. म्हणजे मारी कौंडिण्य, जन्मानं राइनहार्ट. पाउलीने किटेल, जन्मानं आइथ. एवढ्या एका शब्दाच्या दोरीला धरून पतवंडं थेट तिच्या बापाच्या गावापर्यंत पोचतात.

पण त्या दुसरीची, म्हणजे मागं राहिलेल्या पहिल्या बायकोची, अशी दोरी कुणी वळून ठेवली नाही. नवरा धर्म बदलून गेला. ती ना विधवा, ना सवाष्ण. जिला नोंदवहीत जागा मिळाली ती पणजी झाली, आणि जिला नाही मिळाली ती फक्त एक वाक्य.

पुढं पहिलं महायुद्ध आलं. जर्मन म्हणजे शत्रू. पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं, बायकामुलांच्या कुटुंबांना बेळगावला ठेवलं आणि मग ‘गोलकोंडा’ नावाच्या जहाजातून परत पाठवून दिलं. कौलांचे कारखानेही त्यांच्या हातून गेले. ऐंशी वर्षांची वस्ती अशी उठली. राहिली ती थडगी, पुस्तकं, आणि आमच्या पडवीवरची कौलं.

आता कुणी म्हणेल, जर्मन लोकांना नोंदी करायची हौस, आपल्याकडं कुठं होतं असलं काही? मीही तसंच म्हणाले असते. पण याचंही उत्तर एका जर्मन माणसानंच दिलं.

गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. जैन पोथ्या शोधत राजस्थान-गुजरातचे ग्रंथभांडार पालथे घालणारा हा माणूस. १८८० मध्ये ते युरोपात परतले. नंतर मथुरेला कंकाली टिळ्याच्या खणतीत जैन मूर्ती आणि आयागपट निघाले, त्यांच्यावरचे लेख ब्यूलर यांनी व्हिएन्नात बसून वाचले आणि १८९० नंतर छापले. हे लेख कुषाण काळातले, म्हणजे साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. मूर्ती दान करणारं कोण? बघायला गेलं तर किती तरी बायका. व्यापाऱ्याची बायको, लोहाराची, सोनाराची सुद्धा. आणि लेखात त्यांची ओळख कशी दिलीय? अमक्याची धितु, म्हणजे लेक. तमक्याची वधू, म्हणजे सून. आणि फलाण्याची कुटुंबिनी. कुठं अमक्याची आई, असंही. शिवाय कोणत्या आर्यिकेच्या सांगण्यावरून हे दान दिलं तेही कोरलेलं.

हे वाचलं तेव्हा मी भाजी करपवली. एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्याच धर्मातल्या बायका देवाच्या पायाशी बाप, सासरा, नवरा, तिन्ही घरं लिहून ठेवत होत्या, आणि आमच्या छापील फॉर्मात मुलींची फक्त ‘संख्या’!

आणि मथुरा तरी लांब. आमच्या कर्नाटकात अत्तिमब्बे झाली. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. छापखाना नसताना, एक हजार! लक्कुंडीला तिनं बांधलेली बसदी आजही उभी आहे. रन्न कवीनं अजितपुराण लिहिलं ते तिच्या आश्रयानं. तिचं नाव राहिलं, कारण तिनं दिलं आणि दिलेलं कोरून ठेवलं. मग माझ्या ध्यानात आलं की आपल्या बायकांचा इतिहास वंशावळीत शोधायचाच नाही. वंशावळ ही वाटणीसाठी, वतनासाठी केलेली, तिच्यात जमीन मिळणाऱ्यांचीच नावं असायची. बाई सापडते ती दानाच्या लेखात. मूर्तीच्या बैठकीवर, पोथीच्या शेवटच्या ओळीत, मंदिराच्या घंटेवर, चौरंगावर. आणि भांड्यांवर.

आता घागर.

चार दिवसांनी मी ती पुन्हा काढली. लिंबू-मीठ लावून अक्षरं उजळली, कागदावर शिसपेन्सिल घासून ठसा घेतला. पाहते तर आजेसासूबाईंचं माहेरचं नाव. एका नदीचं नाव आहे ते. पुढं तिच्या वडिलांचं नाव, निलंगा तालुक्यातलं गाव, आणि शके १८४६. म्हणजे १९२४ साल, तिच्या लग्नाचं. बारा वर्षांची होती ती. बापानं लेकीला दिलेली घागर, आणि तिच्यावर कोणाची लेक हे कोरलेलं. मथुरेच्या लेखासारखंच.

मग कोडं उलगडत गेलं. १९२४ मध्ये निलंगा हा बिदर जिल्ह्यातलाच तालुका. आळंदला मुलगी देणं म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात देणं, दोन्हीकडं निजामाचंच राज्य. १९४८ च्या आसपास रझाकारांच्या धामधुमीत किती घरं उठून बार्शी-सोलापूरकडं गेली, गावोगावचे संबंध तुटले. ती वारली तीही त्याच सुमारास. आणि १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात आणि पुढं महाराष्ट्रात गेले, बिदर-गुलबर्गा इकडं राहिले. तिचं माहेर जागच्या जागी परराज्यात गेलं. मामा यायचे बंद झाले, भाऊबीज थांबली, आणि नाव विसरलं गेलं.

मी घागर घेऊन काकांकडं गेले. काही बोलले नाही, समोर ठेवली. काकांनी चष्मा लावला. एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग बराच वेळ त्यांचं बोट त्या नदीच्या नावावरच राहिलं. एवढं वय झालेलं, घरात ज्यांच्या शब्दापुढं कुणी बोलत नाही, असे आमचे काका. म्हणाले, “आईला हाक मारायला हे नाव कुणीच नव्हतं गं इथं.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “तुझ्या त्या फॉर्मात रकाना वाढवायचा तर कसा लिहायचा?” कालपर्यंत त्यांचा असलेला फॉर्म आता माझा झाला होता! मी सांगितलं, “सोपं आहे काका. कोणाची लेक, कोणाची सून. आणि मुलींची संख्या नको, नावं.” नवे फॉर्म छापून आले. काही घरांतून कुरकूर झाली, छपाईचा खर्च वाढला म्हणून. पण पुण्याच्या आणि सोलापूरच्या बायकांनी रकाने भरून वर मागं कोऱ्या बाजूलाही आज्यांची नावं लिहून पाठवली.

मैत्रिणींनो, एवढंच सांगायचं होतं. जर्मनीतल्या पतवंडांना त्यांची पणजी एका नोंदवहीमुळं मिळते. आपल्याकडं ती नोंदवही माळ्यावर, फडताळात, देवघरात पडलेली असते, काळी पडून. मोडीत देण्याआधी एकदा घासून बघा. तुमच्या सासूला तिच्या आईचं माहेर विचारा, आजच विचारा. आणि स्वतःचंही लिहून ठेवा. आपलं जन्मनाव आपल्या नातवाला ठाऊक आहे का, हे मी घरी विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

त्या नदीचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते आधी तिच्या माहेरच्या माणसांना सांगायचंय. येत्या रविवारी काका आणि मी निलंग्याकडं निघालोय. ते घर तिथं असेल-नसेल. पण काकांनी घागर सोबत घ्यायला सांगितलीय, आणि आजोळी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून लाडूही करायला लावलेत.